डाव्या चाकाचं ओंगण

"बसा की हो, ड्रायव्हर," एजन्सीवाले हरिहरराव तिसऱ्यांदा म्हणाले. "उभं राहिल्यानं ग्यारंटीची मुदत वाढत नाही."

जानराव बसला नाही. अकोल्याच्या त्या मोटार एजन्सीत गिऱ्हाइकांसाठी वेताच्या चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर त्याचे मालक, मोरोपंत वकील, पाय पसरून बसले होते. जानराव मात्र दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत खेटे घालत होता. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, घडी करायचा, परत खांद्यावर टाकायचा. वाहन चालवणाऱ्या माणसाला पायी चालायला लावलं की तो असाच सैरभैर होतो, आणि जानरावाला तर जीपच्या चाकाला हात लावून आज पंधरा दिवस झाले होते.

जीप नवी कोरी होती. चार महिन्यांपूर्वी याच एजन्सीतून हार घालून, पेढे वाटून बाहेर काढलेली. ग्यारंटी सहा महिन्यांची, आणि ग्यारंटीचं पुस्तक असं गुळगुळीत कागदाचं की हातातून निसटावं. मधल्या काळात घडलं ते एवढंच. वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई परतवाड्याला लग्नाला निघाले होते. आसेगावच्या पुलाच्या उतारावर पुढं कापसानं भरलेली बैलगाडी चालली होती. जानरावानं ब्रेक दाबला. जीप थांबायची ती उजवीकडे फिरली आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. बैलगाडी वाचली, बैल वाचले, वकीलसाहेबांच्या टोपीलाही धक्का लागला नाही. सिंधूताईंचा उजवा हात तेवढा मनगटात मोडला.

त्या दिवसापासून सिंधूताई जानरावाशी बोलल्या नव्हत्या. रागानं म्हणावं तर तसंही नाही. तो दारात आला की त्या प्लास्टरमधला हात पदराखाली घ्यायच्या आणि आत निघून जायच्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

मग आठवड्याभरानं एजन्सीचं पत्र अमरावतीला राजापेठेत वकिलांच्या घरी आलं. इंग्रजीतलं पत्र वकिलांनी वाचून मराठीत सांगितलं: गाडीत कारखान्याचा कोणताही दोष नाही. चालकानं सतत ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवल्यामुळे ब्रेक निकामी झाला. चालकाची हयगय ग्यारंटीत बसत नाही, सबब दुरुस्तीचा खर्च मालकानं द्यावा. 'हयगय' हा शब्द वकील सहज बोलून गेले, पण जानरावाच्या कानात तो जो अडकला तो काही केल्या निघेना. जेवताना तोच, अंथरुणावर तोच.

बावीस वर्षं त्यानं गाडी हाकली होती. आधी जिनिंग फॅक्टरीचा ट्रक, मग एका डॉक्टरची मोटार, आणि आता नऊ वर्षं वकीलसाहेबांकडे. बावीस वर्षांत कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. अमरावतीला मोटारस्टँडवर चार ड्रायव्हर जमले की "जानरावासारखं चालवा रे" असं म्हणायचे, आणि हा आपला ऐकू न आल्यासारखं करून खुशीत पान लावायचा. शिक्षण चौथीपर्यंत, शेत भावाकडे, घर बापाचं. त्याचं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं ते एवढं नावच होतं.

"हे पाहा वकीलसाहेब," हरिहरराव आता मोरोपंतांकडे वळले, "तुमच्यासारख्या माणसाशी आम्हाला वाद घालायचा नाही. पार्टचे पैसे द्या, मजुरी आम्ही सोडतो. फक्त या कागदावर सही करा. आम्हाला कंपनीकडे काहीतरी कारण दाखवावं लागतं."

कागदावर काय होतं ते सांगायला नको. तेच पत्र, फक्त खाली मालकाला मान्य आहे, असं जोडलेलं.

मोरोपंतांनी चष्मा पुसला. वकील माणूस, तडजोडीला कधी नाही म्हणायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"वकीलसाहेब, सही नका करू," जानराव म्हणाला.

"अरे, तुझ्या पगारातून एक पैसा कापणार नाही मी. तुला काय फरक पडतो?"

"मले फरक पडते."

"काय फरक पडतो?"

जानराव एकदा दारापर्यंत जाऊन आला. "साहेब, तुमी सही केली का म्हंजे झालं ना मंग लिखापढीनं, का जानरावनं बाईसाहेबाचा हात मोडला. अन् मी मोडला असन तं मले समजू तं द्या. म्या ब्रेकवर पाय ठेवला नाई. हे लोक चाक न खोलताच लिहून रायले. चाक खोला म्हना त्याईले. मायासमोर खोला."

"न खोलताच?" वकिलांचं पेन थांबलं. जानरावाचं दुःख त्यांच्यापर्यंत किती पोचलं देव जाणे, पण पुरावा न पाहता दिलेला निकाल म्हटल्यावर त्यांच्यातला वकील ताडकन जागा झाला. "हरिहरराव, तुम्ही ड्रम उघडून पाहिला नाही?"

"तशी गरज वाटली नाही. लक्षणं उघड आहेत."

"मग आता वाटू द्या. नाहीतर मी मुंबईला कंपनीच्या हेड ऑफिसला लिहितो. कायद्याच्या भाषेत लिहितो."

हरिहररावांचा चेहरा उतरला. त्यांनी मागच्या शेडकडे तोंड करून हाक मारली, "चंद्रभान! ती वकिलांची जीप घे. गाडी उजवीकडे ओढली म्हणजे डावं धरलं नाही. मागचं डावं चाक खोल."

चंद्रभान म्हणजे तिथला मुख्य मेकॅनिक. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कानामागं पेन्सिल खोचलेला माणूस. त्यानं जॅक लावला, चाक उतरवलं, आणि ब्रेकच्या ड्रमवर लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी हलकं हलकं ठोकू लागला. जानराव त्याच्या डोक्याशी उभा होता. वाकत होता, सरळ होत होता, परत वाकत होता.

"भौ, उजेड सोडा," चंद्रभान म्हणाला. "मले दिसत नाई."

ड्रम निघाला. आतले ब्रेकचे दोन्ही पट्टे काळेशार आणि तेलानं थबथबलेले. कोरडं असायला हवं ते सगळं लोण्यासारखं चोपडलेलं.

"हे पाहा!" जानराव ओरडलाच. "पाहा वकीलसाहेब! तेल! घासलेलं कुठी हाय? अशानं कोनता ब्रेक लागन? तीन चाकं धरतीन अन् एक घसरन. गाडी फिरनच!" पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास पुरता आत गेला. त्याला त्याच पावली अमरावतीला जावं, सिंधूताईंच्या दारात उभं राहावं आणि सांगावं असं वाटलं, बाईसाहेब, मी नाही.

मोरोपंत गुडघ्यावर हात टेकून पाहत होते. "हे तेल आलं कुठून?"

"मागच्या आखात गेअरचं तेल असते," चंद्रभान सावकाश म्हणाला. "थे बाहेर येऊ नाई म्हनून सील असते. थे गळलं असन तं..."

"म्हणजे सदोष सील. म्हणजे कारखान्याचा दोष. म्हणजे ग्यारंटी," मोरोपंतांनी एकेक बोट मिटत सांगितलं. त्यांना आता भलताच उत्साह आला होता.

हरिहररावांनी एकदा वकिलांकडे पाहिलं, एकदा ड्रमकडे, आणि टेबलाच्या खणातून गाडी देतानाचा तपासणीचा कागद काढून आणला. कुणाच्या तरी माथी हे मारायलाच हवं होतं, आणि कंपनीच्या माथी मारण्याइतकी त्यांची छाती नव्हती. "तपासणी कोणी केली होती? सही कोणाची आहे ही, चंद्रभान?"

"मायी हाय, साहेब. पन सील तपासलं होतं म्या. चांगलं होतं. आख काढून पाहू द्या."

"आता काय पाहायचं? तेल दिसतंय ना डोळ्यांनी? वकीलसाहेबांच्या बायकोचा हात मोडला तुझ्यामुळे. शनिवारी येऊन तुझा हिशेब घेऊन जा."

"चौदा वर्षं झाली मले अथी, साहेब."

"म्हणून तर शनिवारपर्यंत सांगितलं."

चंद्रभाननं कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथंच खोचली. जानरावाला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माणूस आधी स्वतःच्या सुटकेनं सुखावतो आणि मग दुसऱ्याकडे पाहतो. त्यानं नुसतंच, त्या विजयाला एकदा हात लावून बघावा म्हणून, पट्ट्यावरचं तेल बोटावर घेतलं आणि अंगठ्यानं चोळलं.

गेअरचं तेल बोटावर घसरतं. हे खरखरलं.

त्यानं बोट नाकाशी नेलं. एरंडीचं तेल, आणि त्यात कालवलेली कडब्याची राख. हा वास ओळखायला त्याला मेकॅनिक व्हायची गरज नव्हती. या वासात तो लहानाचा मोठा झाला होता. हे ओंगण होतं. बैलगाडीच्या आखाला देतात ते वंगण, आणि ते असं रवाळ राख घालून करणारा हिवरखेडात आता एकच माणूस उरला होता, त्याचा बाप, नत्थुजी.

जानरावाच्या डोळ्यांपुढं तो रविवार उभा राहिला. अपघाताच्या आदल्याच आठवड्यातला. मोरोपंतांचं शेत हिवरखेडला, म्हणून ते शेत पाहायला आले की जीप जानरावाच्या घरापुढच्या अंगणात लागायची. त्या दिवशी नव्या ब्रेकचे पट्टे किंचाळत होते. जीप गल्लीत शिरली तशी कुत्री भुंकायला लागली, दुर्गाबाई शेजारीण बाहेर येऊन हसली. ओसरीवर बसलेल्या नत्थुजीचं मात्र तोंड काळं पडलं. चाळीस वर्षं त्यानं हिवरखेड ते अकोला कापसाची गाडी हाकली होती. त्या गाडीवानांत ज्याच्या गाडीचं चाक वाजायचं त्याला आळशी म्हणत, मुक्या जनावराला कोरड्या आखाची गाडी ओढायला लावणारा म्हणत. त्याला शेजारी बसवून कोणी चिलीम देत नसे.

"तुयी गाडी रडून रायली रे, जानराव," म्हातारा म्हणाला होता. "वंगन देत नाई काहून तिले? गल्ली हासून रायली."

"बा, थे जीप हाय," जानराव हसून म्हणाला होता. "नवी हाय म्हनून वाजते. रुळन मंग."

"जीप असो का फीप असो. चाक तं चाकच असते ना?"

जानराव वकिलांबरोबर शेतात गेला होता. परत आला तेव्हा म्हातारा धोतराला हात पुसत अंगणातून ओसरीवर चढत होता. जाताना चाक वाजलं नाही. अमरावतीपर्यंत हूं की चूं नाही. पट्टे रुळले म्हणून जानरावच तेव्हा वकीलसाहेबांना कौतुकानं म्हणाला होता, कशी लोण्यावानी चालून रायली पाहा. ड्रमच्या तोंडावर एक भोक असतं. वाजणाऱ्या त्या एका चाकाचा आख दिसेना तेव्हा म्हाताऱ्यानं तिथंच चिंधीनं ओंगण पिळलं असणार, पोटभर, हात न राखता.

"काय झालं?" मोरोपंतांनी विचारलं. "चल, आता तुझं समाधान झालं ना?"

हरिहरराव नवा कागद मराठीत लिहीत होते: सील सदोष, दुरुस्ती ग्यारंटीत, चालकाचा दोष नाही. शेवटचे तीन शब्द जानरावाला उलट्या बाजूनंसुद्धा वाचता आले. पंधरा दिवस त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं. गप्प राहिलं की झालं. तोंडातून एक शब्दही काढायची गरज नव्हती.

चंद्रभान पाठमोरा होऊन आपली हत्यारं एकेक करून पुसत होता. एजन्सीची आणि आपली वेगळी करत होता.

जानराव शेडच्या दारापर्यंत गेला. बाहेर सरकीच्या पोत्यांनी लादलेला ट्रक उभा होता. तो परत आला. खरं सांगावं? सांगितलं तर मोरोपंत येत्या रविवारी अंगणात उभे राहून, मनात वाईट काही नसताना, आपल्या कोर्टातल्या आवाजात म्हणतील, अहो नत्थुजी, काय करून बसलात हे! दुर्गाबाई ऐकेल, गल्ली ऐकेल. ज्यानं चाळीस वर्षांत गाडी उलटू दिली नाही त्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळेल, की आपल्या हातानं एका बाईचा हात मोडला. जानराव बापाला ओळखून होता. तो रडला नसता, भांडला नसता. त्यानं फक्त जेवण सोडलं असतं.

"साहेब, लिहू नका," जानराव म्हणाला. "सील चांगलं हाय. थे तेल म्या टाकलं."

चंद्रभाननं हत्यारं पुसता पुसता वळून पाहिलं.

"तू?" मोरोपंतांना ते खरंच कळलं नाही. "कशाला?"

"चाक वाजे. लोक हासत. म्हनून आमच्या घरी बैलगाडीले देतो तसं ओंगन देल्लं. राख हाय त्याच्यात, पाहा चोळून. गेअरच्या तेलात राख नसते."

हरिहररावांनी चोळून पाहिलं, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा ते मनापासून हसले. "बैलगाडीचं वंगण! जीपच्या ब्रेकमध्ये! वकीलसाहेब, धन्य आहे तुमच्या ड्रायव्हरची!"

मोरोपंत हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "दोन तास तू मला या माणसाशी भांडायला लावलंस, जानराव. हेड ऑफिसला पत्र लिहायच्या गोष्टी केल्या मी. नऊ वर्षं मी तुझ्या भरवशावर डोळे मिटून मागं बसलो. घरची माणसं बसवली."

"हौ, साहेब."

"एवढंच म्हणायचंय तुला?"

"हौ."

वकिलांनी पहिल्या कागदावर सही केली. मग हात पुढं केला, आणि जानरावानं कनवटीची जीपची दुसरी किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. पंधरा दिवस जीप इथं पडून असूनही ती किल्ली त्यानं जवळच बाळगली होती. मोरोपंत रेल्वेनं परत जाणार होते. बरोबर चल, असं ते म्हणाले नाहीत.

जानराव फाटकाशी पोचला तेव्हा मागून चंद्रभान भराभरा चालत आला.

"भौ, तुमी नाई टाकलं थे."

"टाकलं म्हनलं ना."

"इतका जुना डायवर ब्रेकमंदी तेल टाकते? मले बह्याड समजता का?" चंद्रभानचा आवाज दबका होता. "कोनाचं झाकून रायले तुमी?"

"तुमी जा भौ आत. काम पडलं हाय तुमचं," जानराव म्हणाला आणि रस्त्याला लागला. त्याला त्या माणसाचे उपकार नको होते. चंद्रभानसाठी आपण काय केलं आणि बापासाठी काय, हे त्याचं त्यालाही वेगळं करता आलं नसतं.

अकोटला गाडी बदलून तो हिवरखेडला उतरला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अंगणात बायको रुख्मिणी तुरीच्या शेंगा सोलत होती. नवऱ्याला भर आठवड्यात पाहून ती उठली, पण त्याच्या तोंडाकडे पाहून काही न विचारता पाणी आणायला आत गेली. नत्थुजी ओसरीवर बसला होता. नजर कमी झाली असली तरी पावलांवरून त्यानं ओळखलं.

"जानराव का? गाडी कुठी हाय?"

"गाडी नाई आनली, बा. नौकरी सुटली."

म्हातारा सरळ होऊन बसला. "सुटली? काहून?"

जानरावानं वाटेत चार-पाच कारणं जुळवून ठेवली होती. वकिलांनी गाडी विकली म्हणून सांगावं, वकील मुंबईला चालले म्हणून सांगावं. बापासमोर आल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"गाडी कठड्याले लागली. बाईसाहेबाचा हात मोडला. मालक म्हने, मायी चूक हाय."

"मंग? व्हती का तुयी चूक?"

रुख्मिणी तांब्या घेऊन दारात थांबली होती. जानरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, आणि या वेळी त्याची घडी केली नाही.

"हौ, बा. व्हती."

नत्थुजी बोलला तो इतका हळू, की शेजारी ऐकू जाऊ नये.

"चाळीस वर्षं, जानराव. पुरात गाडी घातली, दोनदा जू मोडलं, अंधाऱ्या रात्री चोर आडवे आले. पन कोनाच्या मानसाले मायी गाडी लागली नाई. लोकं मले म्हनत, नत्थुजीचा पोरगा बापावर गेला. मीबी तसंच समजत होतो." त्यानं मान फिरवली. "हयगय केली असशीन तू. हयगयीबिगर असं होत नसते."

रुख्मिणी तांब्या घेऊन एक पाऊल पुढं आली. नवऱ्याच्या बाजूनं ती काहीतरी बोलणार होती. जानरावानं तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली.

"हौ, बा," तो म्हणाला, "हयगयच झाली." आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातातून घेऊन, म्हाताऱ्याला उठायला त्रास होतो म्हणून, आधी त्याचे पाय धुवायला खाली बसला.